भावी नगरसेविका

पायरीवर चपला काढून माझ्या दुकानात येणाऱ्या त्या एकट्याच. फ्लेक्सच्या दुकानात चपला काढाव्यात असं काही नसतं. उलट फरशीवर शाईचे डाग असतात, पाय खराब होतात. मी कितीदा सांगितलं. "असू द्या दादा, मोठ्या मोठ्या लोकांचे फोटू पडल्याले असत्यात खाली," त्या म्हणायच्या. मग पदर सारखा करायच्या, पिशवीतून एखाद्या पुढाऱ्याचं गुळगुळीत कार्ड काढून काउंटरवर माझ्याकडे सरकवायच्या आणि आवाज थोडा खाली आणून सांगायच्या, "आमच्यात आता हे हायत."

'हे' म्हणजे पक्ष. घरचा डॉक्टर बदलल्यासारखं सांगायच्या. दर काही वर्षांनी कार्ड बदलायचं, 'आमच्यात' तेवढं कायम.

माझं दुकान संत तुकाराम नगरात आहे. पूर्वी छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचो. आता फ्लेक्स. एकाच मशिनातून सगळे पक्ष निघतात, आणि एकाची ओली शाई दुसऱ्याला लागू नये म्हणून मी जेवढी काळजी घेतो तेवढी ते स्वतः घेत नाहीत. पक्षांची नावं मी इथे घेणार नाही. घेऊन उपयोगही नाही. तुम्ही हे वाचेपर्यंत त्यातला एखादा फुटलेला असेल आणि एखादा दुसऱ्यात विरघळलेला.

माणूस विचार करून पक्ष निवडतो, असं पुस्तकांत असतं. मी तशी पुस्तकं बरीच वाचली आहेत; गिऱ्हाईक नसलं की दुसरं करायचं काय? पण त्यांना, म्हणजे आमच्या वहिनींना, ओळखायला लागल्यापासून माझं मत झालं की पक्ष आपल्याला आडनावासारखा मिळतो. आणि बाईला, आडनावासारखाच, दोनदा मिळतो.

त्यांचं माहेर चाकणच्या अलीकडच्या एका गावात. घरी म्हशी, दूध डेअरीला. "डेअरीचा चेअरमन ज्या पक्षात त्या पक्षात आमी," त्या सांगायच्या. "आमच्या म्हशीबी त्याच पक्षात व्हत्या म्हना की." चेअरमनची जीप दारात थांबली की वडील डोक्याला टोपी घालून बाहेर यायचे आणि आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. लोकशाहीचं शिक्षण एवढंच. त्यानंतर लग्न झालं आणि त्या पिंपरीला आल्या. नवरा एका कंपनीत टर्नर, पर्मनंट, युनियनचा माणूस. गेटवर ज्याचं भाषण व्हायचं त्याचा पक्ष तो घरचा पक्ष.

लग्नानंतरच्या पहिल्या मतदानाची गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असे. नवऱ्याने आदल्या दिवशी चिन्ह नीट समजावून सांगितलं होतं. केंद्रात गेल्या, कागद उघडला आणि शिक्का मारला माहेरच्या चिन्हावर. "हातच तिकडं गेला दादा. लहानपनापास्नं गोठ्याच्या भितीवर तेच बघितल्यालं." एवढ्यावर थांबल्या असत्या तर भागलं असतं. पण घरी आल्यावर नवऱ्याने सहज विचारलं, आणि यांनी सहज सांगितलं. मत गुप्त असतं, पण बाईचं मत नवऱ्यापासूनही गुप्त असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याने कित्येक दिवस ताटावरून मान वर केली नाही. युनियनचा उमेदवार थोडक्यात पडला असता तर संसार मोडला असता. तो डिपॉझिट घालवून पडला, म्हणून वाचला.

पुढे कंपनीने माणसं कमी केली. नवरा घरी बसला. मी त्याला चांगला ओळखायचो, माझ्याच वयाचा. नोकरी होती तोवर त्याच्या राजकारणात बोनस होता, ओव्हरटाइम होता, कँटीनच्या पातळ आमटीवरचा मोर्चा होता. नोकरी गेल्यावर तो दुपारभर टीव्हीसमोर बसू लागला आणि त्याच्या राजकारणात शत्रू आले. घराचा हप्ता थकलेला माणूस सीमेबद्दल बोलू लागला. ज्याच्याबरोबर त्याने आयुष्यभर एका डब्यात जेवण केलं त्या गॅरेजवाल्या शेजाऱ्याकडे बघण्याची नजर बदलली. पक्षही बदलला. वहिनी नवं कार्ड घेऊन आल्या. "आमच्यात आता हे हायत," म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच पुढे म्हणाल्या, "मला काय इचारू नका दादा, मलाच अजून नीट म्हाईत न्हाई."

तरी काम त्यांनी मनापासून केलं. काम म्हणजे बायका गोळा करणं. सभेला, आरोग्य शिबिराला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्याकडे हळदीकुंकू घरात होतं हे तुम्ही विसरा. ते आता मैदानात होतं, मंडपात, स्टेजवर. इच्छुक उमेदवाराची बायको कुंकू लावते आणि वाण म्हणून स्टीलचा डबा देते. डब्यावर इच्छुकाचा फोटो. आमच्या भागातल्या कित्येक घरांत साखर एका पक्षात आणि चहापत्ती दुसऱ्यात आहे.

त्या मंडपाच्या दारात वहिनी उभ्या असायच्या. कोणती बाई कोणाची, कोणाची सून बाळंत होऊन माहेरी गेलीय, कोण रागावलेली आहे आणि तिला हाताला धरूनच आणावं लागेल, हे सगळं त्याच बघायच्या. गॅरेजवाल्याची बायको, जिला सगळे आपा म्हणायचे, तीसुद्धा मंडपातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून त्यांना मदत करायची. नवऱ्यांचं बोलणं बंद होतं, बायकांचं चालू होतं.

मग वहिनींचा नवरा गेला. झोपेतच गेला. पुढच्या संक्रांतीला त्या नेहमीप्रमाणे मंडपाच्या दारात होत्या. रांग त्यांनीच लावली. बायका पुढे सरकत होत्या, कुंकू लावून, डबा घेऊन परतत होत्या. शेवटी स्टेजवरच्या बाईंनी वरूनच हाक मारली, "काकी, तुमचा डबा घरी पाठवते हं." सगळ्यांदेखत बोलावून कुंकू न लावण्यापेक्षा हे बरं, असं त्या बाईंना वाटलं असावं. कार्यक्रमाचा फ्लेक्स मीच छापला होता. त्यावर 'महिला सन्मान सोहळा' असं लिहिलेलं होतं.

त्यानंतर घराची सूत्रं मुलाकडे आली, म्हणजे पक्षही. मुलगा आयटीआय झालेला, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर. ते कंत्राट भाऊंचं. भाऊ म्हणजे आमच्या प्रभागाचे भाऊ. प्रत्येक प्रभागाला एक असतो, तुमच्याकडेही असेल. कंपन्यांना माणसं पुरवायची आणि माणसांना पक्ष पुरवायचा असा त्यांचा दुहेरी धंदा. मुलगा पंचविशीचा होता तेव्हा सगळे पुढारी चोर आहेत असं म्हणायचा. लग्न ठरलं, फ्लॅटचं कर्ज झालं, आणि सगळे चोर असले तरी भाऊ त्यातल्या त्यात बरे, असं म्हणू लागला. वहिनींनी पिशवीतून भाऊंचं कार्ड काढलं तेव्हा मीच म्हणालो, "आता तुमच्यात हे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ह्ये ऱ्हातील आता. पोराची बस त्यांच्याच नावानं येती."

आता भाऊंची अडचण सांगतो. भाऊंना दोन मुलींवर मुलगा झाला, तेव्हा त्यांनी सगळ्या प्रभागात पेढे वाटले. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही, हे त्यांना पेढे वाटून झाल्यावर कोणीतरी सांगितलं. भाऊ बाद, भाऊंची बायकोही बाद. त्यात सोडत निघाली आणि प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली. भाऊंना एक बाई हवी होती. ओळखीची, ऐकणारी, आणि कोर्टकचेरीत न अडकलेली. त्यांनी वहिनींना घरी बोलावून साडी दिली आणि सांगितलं, "काकी, तयारीला लागा."

त्या दिवशी वहिनी दुकानात आल्या आणि चपला काढायला विसरल्या.

"दादा, माझा फ्लेक्स करायचाय."

त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांचे फोटो घेऊन यायच्या. फोटोंच्या खालच्या रांगेत, शुभेच्छुकांमध्ये, कधीमधी त्यांचा चेहरा असायचा, नखाएवढा. आता त्या मधोमध असणार होत्या. "सातवी शिकल्याली बाई चालती का ओ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चालते. "मग मला पान्याचं बोलायचंय. टाकीचा वॉल सकाळी सोडत्यात, तवा धुण्याभांड्याला जानाऱ्या बाया घरात नसत्यात, दुपारी येत्यात. तो वॉल दुपारचा सोडायला लावायचा. मला तेवढंच करायचंय." मी आजवर अनेक जाहीरनामे छापले. सगळे मिळून एवढं स्पष्ट काही त्यांत नव्हतं.

'भावी नगरसेविका' असा तो फ्लेक्स झाला. भावी हा शब्द आमच्या धंद्याचा अन्नदाता आहे.

पण निवडणूक काही होईना. कोर्टात अडकली, मग सोडत रद्द झाली, पुन्हा निघाली. महापालिकेत प्रशासक बसले. एकदा नव्हे, वर्षामागून वर्ष वहिनी भावी राहिल्या. आणि मध्ये भाऊंनी पुण्याहून एक सल्लागार आणला. टाय लावलेला, लॅपटॉपवाला. त्याने प्रभागाचे वयाप्रमाणे, घराप्रमाणे, भाषेप्रमाणे तुकडे पाडले आणि भाऊंना सांगितलं की एक फ्लेक्स सगळीकडे चालत नाही. मग माझ्याकडे वहिनींच्या तीन फ्लेक्सची ऑर्डर आली. जुन्या गावठाणासाठी डोक्यावर पदर आणि खाली 'आपल्या मातीची लेक'. बैठ्या वस्तीसाठी नवऱ्याचा हार घातलेला फोटो बाजूला आणि 'कामगाराची सावली'. नव्या उंच सोसायट्यांसाठी मात्र पदर खांद्यावर, हातात मोबाईल, कपाळाला टिकली.

"टिकली कशी लावू?" मी भाऊंच्या माणसाला विचारलं. "त्यांना मिस्टर नाहीत."

"कॉम्प्युटरवर लावा की काका. सोसायटीतल्या यंग पब्लिकला पॉझिटिव्ह चेहरा लागतो, असा रिपोर्ट आहे."

"आणि वस्तीत?"

"तिथं नको. तिथं सहानुभूती आहे."

तिन्ही फ्लेक्स फरशीवर पसरलेले असताना वहिनी आल्या. चपला बाहेर काढून, कडेकडेने चालत, वाकून एकेक बघत राहिल्या. टिकलीपाशी बराच वेळ थांबल्या. रागावतील असं मला वाटलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "ह्या तिघी एका घरात नांदवल्या तर एकमेकींशी पटंल का ओ ह्यांचं?"

आणि स्वतःच हसल्या. मीही हसलो. मग डोळे पुसत म्हणाल्या, "टिकली बाकी बरी दिसती."

या सगळ्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे आमच्यापैकी कोणाचं लक्ष नव्हतं. भाऊंची थोरली मुलगी वाढत होती. वहिनींना साडी दिली तेव्हा ती कॉलेजात नुकती गेली होती. निवडणूक लांबत गेली, मुलगी वाढत गेली. शेवटी निवडणूक लागली तेव्हा तिला एकवीस पूर्ण झाली होती, आणि उभं राहायला एकवीसच लागतात.

भाऊंनी वहिनींना सांगितलंसुद्धा नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्या नवी साडी नेसून, पाच-पन्नास बायका घेऊन निवडणूक कार्यालयाच्या फाटकाशी उभ्या होत्या. आपा पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती. भाऊंची गाडी आली. पक्षाचा अधिकृत उमेदवारीचा कागद घेऊन मुलगी उतरली. वहिनींना वाटलं ती आपल्याला सोबत करायला आलीय. त्यांनी पुढे होऊन तिला जवळ घेतलं, कानशिलावर बोटं मोडली. आणि मुलगी आत गेली, त्या बाहेर राहिल्या.

हे मला आपाने सांगितलं. "भाभीनं ह्यांचं इतकी वर्षं सांभाळलं, आन् पोरगी मोठी झाली की झालं. मी म्हटलं, भाभी, अपक्ष भरा. आपल्या बायका आहेत की. वेळ आहे अजून."

वेळ खरंच थोडा होता. वहिनी फाटकावरून तशाच माझ्या दुकानात आल्या. तोंड सुकलेलं, पण आवाज नेहमीचा.

"अपक्षाचा फ्लेक्स कसा असतो दादा? वर कुनाचा फोटो लावत्यात?"

"कोणाचाच नाही. वर कोणी नसतं."

त्यांनी स्क्रीनवरच्या कोऱ्या चौकटीकडे पाहिलं. "मंग मोकळं दिसंल की चांगलं," म्हणाल्या. "मध्ये माजं नाव. खाली तेवढं वॉलचं लिवा."

मी लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा फुकट फ्लेक्स छापायची मला इच्छा झाली होती, आणि आमच्या धंद्यात ही इच्छा म्हणजे आजारपण. नाव टाईप करत होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा होता. फोनमधला आवाज मला ऐकू येत होता, कारण तो ओरडत होता. सुपरवायझरने त्याला लाईनवरून बाजूला घेतलं होतं. आईला समजाव, नाहीतर उद्यापासून बसमध्ये चढू नकोस, एवढंच सांगितलं होतं.

"व्हय," वहिनी फोनवर म्हणाल्या. "न्हाई. न्हाई भरत. तू जेवलास का?"

फोन ठेवला. स्क्रीनवर त्यांचं अर्धं नाव होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला. "ऱ्हाऊ द्या दादा," म्हणाल्या. "ही जागा लई मोकळी व्हती, माज्याच्यानं भरली नसती."

पुढचे दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वहिनी भाऊंच्या मुलीचा हात धरून गल्लीगल्लीतून फिरत होत्या. मुलीला दारातली माणसं ओळखू येत नव्हती, त्या कानात सांगायच्या. "ह्या आत्या. ह्यांचं गुडघ्याचं झालंय, इचार." मुलगी विचारायची. लोक म्हणायचे, पोरगी किती साधी आहे. एका सभेत मुलीने भाषण केलं. तिला लिहून दिलं होतं. नवी पिढी, नवी दृष्टी, राजकारणात तरुण रक्त. भाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. भाऊ स्वतः तिशीत होते तेव्हा त्यांना वरिष्ठांनी अनुभव नाही म्हणून थांबवलं होतं, हे ते प्रत्येक सभेत पूर्वी सांगायचे. आता सांगत नव्हते. आपा मात्र त्या प्रचारात कुठेच दिसली नाही. वहिनी तिच्या दारावरून जाताना मुलीला घेऊन पुढच्या घरी जायच्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी त्या बोटाला शाई लावून दुकानाशी थांबल्या. आत आल्या नाहीत. मी विचारलं, "झालं मतदान?"

"झालं. आज पहिल्यांदा मला कुनी सांगितलं न्हाई, कुठं दाबायचं ते. इसारले असतील."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुनी चूक त्यांनी पुन्हा केली नाही. "ऊन लई हाय," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

भाऊंची मुलगी मोठ्या फरकाने निवडून आली. एखादं मत इकडेतिकडे झालं असेल तर ते कोणाला कळण्यासारखं नव्हतं. गुलाल उधळला, जेसीबीतून फुलं टाकली, आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या मुलाने पिंपरीचा फ्लॅट भाड्याने देऊन चाकणला बिऱ्हाड हलवलं. कंपनी जवळ पडते, म्हणाला. वहिनी सांगायला आल्या नव्हत्या. टेम्पो गेला तेव्हा मी मशिनवर होतो, आवाजात काही कळलं नाही. टाकीचा वॉल अजून सकाळीच सोडतात.

काही दिवसांनी भाऊंचा माणूस आभाराच्या फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आला. मध्ये मुलगी, वर पक्षाचे नेते ओळीने, खाली कार्यकर्त्यांचे गोल फोटो. फोटो त्याने मोबाईलवर पाठवले होते. युवा, महिला, कामगार, सोसायटी, अल्पसंख्याक. एकेक टाकत गेलो. शेवटचा वहिनींचा होता.

"त्या आता इथे राहत नाहीत," मी म्हणालो.

"माहितेय काका. पण ज्येष्ठ महिला म्हणून एक चेहरा लागतो. दुसरा कोणाचा नव्हता."

फोटो कुठल्यातरी जुन्या हळदीकुंकवातला होता, मंडपाच्या दारातला, घाईने कापलेला. कापताना शेजारच्या बाईचा चेहरा गेला होता, हात मात्र वहिनींच्या खांद्यावर राहिला होता. काचेच्या हिरव्या बांगड्या, मनगटाजवळ भाजल्याचा जुना डाग. तो डाग मी ओळखला. फ्लेक्स लावायला मंडपात गेलो की आपा पाण्याचा ग्लास पुढे करायची, तेव्हा तो कितीदा पाहिला होता.

"काका, तो हात तेवढा उडवा," भाऊंचा माणूस म्हणाला. "कोणाचा आहे काय माहीत."

मी त्याला चहा घेऊन ये म्हणून बाहेर पाठवलं, आणि फोटो होता तसा मशिनला लावला.